खाडीतले जीवदान

मंगफ, कुवेत
माघ वद्य द्वादशी, १२ फेब्रुवारी १९९९

चि. शामला,

प्रतापच्या या सातव्या मजल्यावरील घरातून, जेथे खिडकी उघडली तर वाळू येते आणि न उघडली तर यंत्राचा वारा येतो, तेथून माझे आशीर्वाद तुला आणि तुझ्या घरादाराला पोहोचोत.

येऊन महिना झाला. प्रकृती ठीक आहे. संध्या, पाठ, दोन वेळचे सात्त्विक जेवण यांत खंड नाही. सूनबाई नेहा सर्व पाहते. मनःस्वास्थ्य मात्र नाही, आणि त्याचे कारण माझा चिरंजीव आहे.

तुझा भाचा एका मंडळाचा अध्यक्ष झाला आहे. मंडळाचे नाव ‘मंगफ ट्राउट व जलसंवर्धन मंडळ’. ट्राउट हा शीत प्रदेशातल्या ओढ्यांत राहणारा मासा. सहा वर्षांपूर्वी कंपनीने प्रतापला प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडला धाडले, तेथे कोणी तरी त्याला हा मासा गळाने धरण्याची विद्या दिली आणि तो ती घेऊन इकडे आला. आता ज्या देशात नदी नाही, ओढा नाही, जेथे पिण्याचे पाणीसुद्धा समुद्र उकळून काढतात, त्या देशात माझा पुत्र ट्राउट मंडळाचे अध्यक्षपद भूषवतो. सभासद सव्वीस. बहुतेक पुण्याचे, नाशिकचे आणि मुंबईचे अभियंते. या सव्वीसांपैकी पंचविसांनी ट्राउट पाहिलेला नाही.

ओढा नाही म्हणून त्यांनी येथून अर्ध्या तासावरची एक खाडी पत्करली आहे. खाडीला येथे ‘खोर’ म्हणतात. वसंत आला की यांचा हंगाम सुरू होतो. कोंबड्याचे पीस रेशमाने आकड्याला गुंडाळून त्याचा कृत्रिम किडा बनवतात. परवा माझ्या पूजेच्या चौरंगावर असे चार किडे वाळत होते. सायंकाळी इमारतीखाली, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत, एकेक सभ्य गृहस्थ हातात लांब काठी घेऊन डांबरावर दोरी फेकण्याचा सराव करतो. शुक्रवारी खाडीवर जाऊन मासा धरतात, पट्टीने मोजतात, त्याच्यासह छायाचित्र काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. या सोडण्याला ते दया म्हणतात.

ज्याला मासा खायचा असतो त्याची निदान भूक साक्षीला असते. यांच्याजवळ तीही नाही. दुसऱ्याचा ओठ फाडून मग त्याला मोकळे करणे आणि त्या मोकळे करण्याबद्दल स्वतःची पाठ थोपटणे, इतका निर्लज्ज धर्म मी कोणत्याही ग्रंथात वाचला नाही.

आता मुख्य विषय. तुझ्या दिरांचा नातू सुयोग याच मंडळात आहे. प्रतापच्या लेकीसाठी, प्रणितासाठी, तू त्याचे नाव सुचवलेस, प्रणिताचाही कल तिकडे आहे, आणि प्रतापने निर्णय माझ्यावर सोपवला आहे. गेल्या शुक्रवारी मुलगा जेवायला आला होता. सत्तावीस वर्षांचा, तेलशुद्धीकरण कारखान्यात मापनयंत्रे सांभाळतो, बोलणे नम्र. मी त्याला सरळ विचारले, “माशाला दुखत नाही?”

“आजोबा, आकड्याचा उलटा दात आम्ही घासून टाकतो. तसं दुखत नाही.”

“हे तुला माशाने सांगितले?”

“नाही.”

“मग घासलेला आकडा स्वतःच्या ओठात घालून पाहिलास?”

तेवढ्यात प्रणिता म्हणाली, “आजोबा, प्लीज! ही इज अवर गेस्ट.” मुलगा मान खाली घालून वरणभात जेवत राहिला. उत्तर नसलेली माणसे अशीच जेवतात.

निर्णय अक्षय्य तृतीयेला कळवीन. तुझी भीड आहे म्हणून आजच नकार लिहीत नाही, एवढेच.

तुझा,
दिनकर

~

वेंगुर्ले
२५ फेब्रुवारी १९९९

अण्णा,

तुझ्या पत्राला उंबऱ्याबाहेर उभी राहून नमस्कार केला. इतके सोवळे पत्र आमच्या मासे खाणाऱ्या घरात आत कसे घ्यायचे, हा प्रश्न पडला. शेवटी ह्यांनीच ते घेतले आणि मोठ्याने वाचून दाखवले. आकड्याच्या प्रश्नावर ते हसले. म्हणाले, “तुझ्या भावाने मलाही पहिल्या भेटीत असेच सोलले होते, आठवते?” आठवते.

तुझे मंडळाबद्दलचे मत पोहोचले. प्रताप लहानपणी गोदावरीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून तासन् तास बसायचा आणि तू त्याला संस्कृत शब्दांची रूपे म्हणायला बोलावून न्यायचास. त्याला आता पन्नाशीत पाण्याजवळ बसायचे निमित्त हवे आहे. कोंबड्याचे पीस हे निमित्त मला फार महाग वाटत नाही.

पण एक गोष्ट तू अर्धीच लिहिलीस. सुयोग मला महिन्यातून एकदा पत्र लिहितो. त्याच्या लिहिण्याप्रमाणे ही माणसे शुक्रवारी सकाळी आधी दोन तास खाडीतले प्लास्टिक, तुटकी जाळी, तेलाचे गोळे गोळा करतात आणि मग काठ्या काढतात. या दिवसांत मासे उथळ पाण्यात अंडी घालायला येतात, म्हणून रोज एक जण तेथे जाऊन वहीत नोंद करतो. कोणी बाहेरचा मासा त्या पाण्यात सोडू नये असा त्यांचा सातवा नियम आहे. सोडणारा सभासद मंडळातून जातो. हे तुझ्या डोळ्यांना दिसले नाही, की दिसूनही तुला लिहावेसे वाटले नाही?

मुलाला आकड्यावर तोलू नकोस. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता. तेव्हापासून त्याने कोणाला उलटून उत्तर दिलेले मी ऐकले नाही. त्याच्याजवळ उत्तर नव्हते असे तुला वाटले. मला वाटते, ते होते आणि त्याने ते गिळले.

तब्येतीस जप. तिकडे ऊन लवकर तापते म्हणतात.

शामला

~

मंगफ, कुवेत
चैत्र शुद्ध चतुर्थी, २१ मार्च १९९९

चि. शामला,

नववर्षाचे शुभचिंतन. तुझ्या पत्रातला उपहास मी वयाच्या अधिकाराने पोटात घातला आहे.

खाडीची साफसफाई ते करतात हे खरे आहे. खाटीकही दुकान धुतो.

परंतु वाद घालण्यापेक्षा आचरण श्रेष्ठ, म्हणून जे केले ते कळवतो. काल चैत्र शुद्ध तृतीया, मत्स्यजयंती. प्रलयापूर्वी अर्घ्य देताना एका राजाच्या ओंजळीत लहानसा मासा आला आणि “मला मोठ्या माशांपासून वाचव” म्हणाला. राजाने त्याला कलशात ठेवले, मग तळ्यात, मग समुद्रात. पुढे त्याच माशाने त्याची नौका तारली. दया म्हणजे काय हे या सव्वीस जणांना शब्दांनी समजणार नाही, हे मी ओळखले. तेव्हा ओठ न फाडता जीवदान कसे देतात ते निदान त्यांच्या खाडीला तरी दिसू द्यावे, असा संकल्प केला.

घरात कोणालाही न सांगता पहाटे स्नान-संध्या आटोपून टॅक्सीने शहरातल्या शर्क भागातल्या मासळीबाजारात गेलो. माझ्या बहात्तर वर्षांच्या आयुष्यात मासळीबाजारात पाऊल ठेवण्याचा हा पहिला प्रसंग. उपरणे नाकाशी धरून फिरलो. हजारो मासे बर्फावर निजलेले. एकाच दुकानात काचेच्या टाकीत जिवंत मासे होते, करड्या रंगाचे, वीतभर लांब. महबूब नावाचा दुकानदार सुरी घेऊन पुढे आला.

“चाचा, साफ कर के दूँ?”

मी म्हणालो, “जिवंत पाहिजेत. दर्या में छोडना है.”

तो हसला. “दर्या में? अरे चाचा, ये तो...”

मी हात वर करून त्याला थांबवले. ज्याचे पोट सुरीवर चालते त्याच्याकडून शास्त्र ऐकण्याची माझी इच्छा नव्हती. अकरा मासे पाण्यासह एका डब्यात घेतले. तो मान हलवत राहिला. त्याचे गिऱ्हाईक पहिल्यांदाच माशाच्या बाजूचे निघाले असावे.

खाडीवर चिटपाखरू नव्हते. सूर्य नुकताच वर आला होता. प्रत्येक माशाच्या मस्तकी कुंकवाचे बोट लावले, डब्यात तुळशीची पाने टाकली, स्तोत्र म्हटले आणि एकेकाला खाडीच्या पाण्यात सोडले. शामला, त्यानंतर जे पाहिले ते लिहिताना अंगावर रोमांच येतात. ते पळून गेले नाहीत. मी किनाऱ्याच्या दगडावर पाऊण तास बसलो होतो आणि ते सर्व माझ्या समोर, पाण्याच्या पृष्ठभागी, मुखाची सतत उघडझाप करीत होते. नामस्मरण करणाऱ्या माणसाचे ओठ जसे हलतात, अगदी तसे. तीन तर हळूहळू कुशीवर वळले आणि त्यांची शुभ्र पोटे उन्हात चकाकू लागली. जणू देवापुढे लोटांगण. एक जण तशाच अवस्थेत एका डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिला. कृतज्ञता मी पुष्कळ पाहिली आहे, विद्यार्थ्यांची तर फारच थोडी. पण इतकी मूक आणि स्थिर कृतज्ञता पाहिली नव्हती.

त्या मंडळाने छायाचित्रासाठी धरलेला एक तरी मासा सुटल्यावर असा थांबला आहे काय? विचार तुझ्या सुयोगला.

घरी कोणाला सांगितलेले नाही. पुण्य बोलून दाखवू नये. तुला सांगितले ते तुझ्या डोळ्यांत अंजन पडावे म्हणून.

दिनकर

~

मंगफ, कुवेत
२९ मार्च १९९९

चि. शामला,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो, कारण प्रश्न परस्पर सुटला आहे. तुझ्या सुयोगला त्या मंडळानेच हाकलले. ज्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही, त्यांनीही त्याला पंक्तीतून उठवले! याहून खालची पायरी कोणती असेल ती तूच सांग.

प्रकार असा. गेल्या आठवड्यात खाडीत काही बाहेरचे मासे मेलेले आढळले. रविवारी शरद नावाच्या चिटणिसाला दगडांच्या बेचक्यात दोन सापडले. आदल्या दिवशी, शनिवारी, नोंदीची पाळी सुयोगची होती आणि वहीत त्याच्या हस्ताक्षरात ‘सर्व ठीक’ असे लिहिलेले. शरदने किनारा उकरला तर वाळूत आणखी नऊ पुरलेले निघाले. विचारले तेव्हा मुलाने कबूल केले की पुरले ते त्यानेच. मासे कोणी सोडले हे ठाऊक आहे काय, असे विचारले तर म्हणाला, “ठाऊक आहे, सांगणार नाही.” दोन तास सभा चालली. तो तेवढेच एक वाक्य बोलत राहिला. शेवटी खोट्या नोंदीबद्दल आणि सातवा नियम मोडणाऱ्याला पाठीशी घातल्याबद्दल त्याचे सभासदत्व रद्द झाले. पत्रावर सही अध्यक्षांची, म्हणजे तुझ्या भाच्याची. प्रताप त्या रात्री जेवला नाही. ज्या माणसाला स्वतःच्या सहीने वाईट वाटते त्याने अध्यक्ष होऊ नये.

दैवाचा खेळ पाहा. ज्या खाडीत, ज्या दिवशी मी अकरा जीवांना अभय दिले, त्याच खाडीत त्याच दिवशी कोणा अधमाने हे पाप केले आणि हा मुलगा त्यावर वाळू लोटत होता! माझे मासे तोवर खोल समुद्रात निघून गेले असतील, एवढेच समाधान.

प्रणिता माझ्याशी बोलत नाही. मी तिला म्हणालो, “खोटी नोंद करणारा संसारात काय नोंदी करील?” ती म्हणाली, “आजोबा, यू हॅव नो आयडिया,” आणि दार लावून घेतले. नकार पक्का समज. औपचारिकरीत्या अक्षय्य तृतीयेला कळवीनच.

दिनकर

~

वेंगुर्ले
९ एप्रिल १९९९

अण्णा,

तुझी दोन्ही पत्रे मिळाली. आमच्या शेजारची लीना कुवेतला इस्पितळात परिचारिका आहे, ती उद्या सुटीवरून परत निघते. टपालावर विसंबायला वेळ नाही, म्हणून हे तिच्या हाती देते आहे. बसून वाच.

मी बेचाळीस वर्षे माशांच्या गावात राहते. इथे रोज होडीतून मासळी उतरते. समुद्राचा मासा पाण्याबाहेर आला की काही मिनिटांत संपतो. बाजारात काचेमागे पोहत तो कधी दिसत नाही. बाजारात जो जिवंत दिसतो तो तळ्यात वाढवलेला, गोड्या पाण्याचा. त्याला एकदम खाऱ्या पाण्यात टाकले की त्याचा जीव घुसमटतो. तो वर येतो, तोंड उघडतो, मिटतो. मग कुशीवर पडतो. मग पोट वर येते.

अण्णा, ते नामस्मरण नव्हते.

अकरा होते ना तुझे? दगडात दोन, वाळूत नऊ.

ती बेरीज तू स्वतः मला लिहून पाठवलीस आणि तुला ती दिसली नाही. महबूब सांगत होता, तू हात वर केलास. सुयोग घरी आला तेव्हा तू त्याचे गोत्र विचारलेस, कुळ विचारलेस, आजोळ कुठले ते विचारलेस. प्रणिताने मला सारे कळवले होते. त्या माशांना एवढेच विचारायचे होते, की बाबांनो, तुम्ही कुठल्या पाण्याचे?

काल बाजारातल्या एसटीडी बूथवरून प्रणिताला फोन लावला. तीन मिनिटे मिळाली, त्यातले एक ती रडली. तिला सगळे माहीत आहे. शनिवारी कामावरून सुटून सुयोग नोंदीला गेला तेव्हा नऊ मासे किनाऱ्याला लागले होते आणि त्यांच्या कपाळांवर कुंकू होते. पाण्यावर तुळशीची पाने. त्या सव्वीस घरांत मत्स्यजयंती पाळणारा माणूस एकच आहे, हे कळायला त्याला फार हुशार असायची गरज नव्हती. त्याने कुंकू पुसले, पाने वेचली, मासे पुरले आणि वहीत ‘सर्व ठीक’ लिहिले. दगडांतले दोन त्याला दिसले नाहीत; त्यांचे कुंकू रात्रीत भरतीनेच धुतले असणार. प्रणिता म्हणाली, “अगं आजी, ‘बाबांना तरी सांग’ असं मी त्याला म्हटलं.” तर तो तिला म्हणाला, “आजोबांना कळलं तर ते अन्न सोडतील. या वयात नको.” तिच्याकडून त्याने शपथ घेतली. तिने ती काल माझ्यापाशी मोडली, कारण मी तिला ओरडले.

ज्याने तुझ्यासाठी स्वतःचे नाव घालवले त्याला तू नाव ठेवतो आहेस. तुला सांगू नये असे त्याला वाटले. मला वाटले, सांगावे. तू अन्न सोडलेस तर सोड. पण आधी तोंड उघड.

शामला

~

मंगफ, कुवेत
२० एप्रिल १९९९

शामला,

आशीर्वाद लिहिण्याची योग्यता आज वाटत नाही. नुसते नाव लिहितो.

लीनाने तुझे पत्र सोमवारी आणून दिले. मी ते दोनदा वाचले. नंतर माझ्या दोन्ही पत्रांतले शब्द आठवत बसलो, आणि ते एकूण एक आठवले. रोमांच येतात असे मी लिहिले होते. एक मासा माझ्याकडे पाहत राहिला असे लिहिले होते. पाऊण तास मी त्यांचे मरण समोर बसून पाहिले आणि त्याला माझी स्तुती समजलो. त्या सव्वीस जणांचा आकडा निदान माशाच्या ओठातून निघतो. प्रायश्चित्त काय घ्यायचे ते माझे मी पाहीन. त्यात अन्न सोडणे नाही, कारण ते फार सोपे आहे.

गुरुवारी मंडळाची सभा होती, आमच्याच दिवाणखान्यात. मी शुचिर्भूत होऊन बाहेर आलो आणि म्हणालो, “मासे मी सोडले. सुयोगचे नाव परत लावा आणि माझे काढा.”

प्रतापने हातातले कागद खाली ठेवले. सुयोग तेथे नव्हता. हाकललेला मनुष्य सभेला कसा असेल? प्रणिताने त्याला फोन करून बोलावून घेतले. तोवर चिटणीस शरद वही चाळत होता. मोठा नियमनिष्ठ गृहस्थ. तो म्हणाला, “आजोबा, एक अडचण आहे. तुमचं नाव काढायचं कुठून? तुम्ही सभासदच नाही.”

“मग आधी करून घ्या.”

“अहो, कशाला उगाच? झालं ते झालं. तुम्ही वडीलधारे.”

“तुमचा सातवा नियम वडीलधाऱ्यांना सूट देतो काय? वाचून दाखवा.”

त्याने वाचून पाहिला. सूट नव्हती. “पण अर्जाला सूचक लागतो,” तो म्हणाला, “आणि तो सभासद असावा लागतो.” मी सभोवार पाहिले. तेवीस-चोवीस माणसे छताकडे पाहत होती. मी तीन महिने ज्यांची टिंगल केली, त्यांतला कोण पुढे येणार?

इतक्यात सुयोग आला. प्रतापने उभे राहून त्याचे सभासदत्व परत दिल्याचे सांगितले आणि “सुयोग, माझं चुकलं,” असे म्हणाला. माझ्या मुलाच्या तोंडून हे वाक्य मी प्रथम ऐकले. ते त्याला माझ्याकडून शिकता आले नसते. मग सुयोगने माझा अर्ज शरदच्या हातून घेतला, खिशातले पेन काढले आणि सूचकाच्या जागी सही केली. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. मला वाटते, माझे डोळे कसे आहेत ते त्याला पाहायचे नव्हते.

ठराव आवाजी मताने संमत झाला. त्यानंतर सातव्या नियमान्वये माझे सभासदत्व रद्द करण्याचा दुसरा ठराव मी स्वतः मांडला. मध्ये चार मिनिटे गेली. त्या चार मिनिटांत नेहाने चहा आणला आणि शरदने सभासद या नात्याने माझ्याकडे कप सरकवला. मंडळाबद्दल माझे मत विचारशील तर ते बदललेले नाही. प्रौढ माणसांनी डांबरावर दोरी फेकू नये. फक्त त्यांच्यावर हसण्याच्या जागेवर आता मी बसू शकत नाही. तेथून मला रीतसर उठवले आहे.

राहिली ती तुझी गोष्ट. परवा अक्षय्य तृतीयेला सुयोग जेवायला आला. पाने मांडली गेली आणि सर्व जण माझ्या तोंडाकडे पाहू लागले. प्रणिता म्हणाली, “आजोबा, मग?”

मी तिला म्हणालो, “मला विचारू नकोस. मी निष्कासित मनुष्य आहे. त्यालाच विचार, जेथे असा आजोबा आहे त्या घराशी नाते जोडायची त्याची तयारी आहे काय?”

मी त्याला विचाराला वेळ देणार होतो, कारण प्रश्न गंभीर होता. पण मुलाने घास हातात तसाच धरून, क्षणाचाही विचार न करता, “हो” म्हटले. आयुष्याचे निर्णय इतक्या घाईने घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी सांगणारच होतो. पण तोवर सगळे एकदम बोलू लागले होते आणि माझे मत कोणी विचारले नाही.

दिनकर